ताऱ्यांची काजळी

तरुणपणी एका कवितेत मी ताऱ्याची राख झाल्याचं लिहिलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने ती वाचली आणि म्हणाला, ‘‘कविता ठीक, पण राख चुकली. राख जळून उरते. ताऱ्याची धूळ निवणाऱ्या वायूतून जमते, काजळीसारखी.’’ मी बी. ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेतच सुटलेलं. वाद घातला, पण गोष्ट डोक्यातून गेली नाही.

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबूस होतो. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा असाच एक. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियस यांनी तो टिपला. सुमारे ३३२ दिवसांच्या फेऱ्यात तो उजळतो, मंदावतो, आणि बराच काळ नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. असे तारे फुगतात, आकसतात आणि दर उसळीला वरचा वायू बाहेर फेकतात. पृष्ठभागावर ३,००० अंशांच्या आसपास तापमान. तिथे कुठलं खनिज टिकणार? पण वायू दूर जाऊन हजार-दीड हजार अंशांपर्यंत निवला की अणू एकमेकांना धरू लागतात. आधी कुरुंद. माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपं. मग सिलिकेटं. त्यातलं पायरॉक्सीन आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातही असतं. अर्थात तिथलं लाव्ह्यातून आलेलं.

कोणती धूळ होणार, हे कार्बन आणि ऑक्सिजनच्या हिशोबावर ठरतं. दोघांची जोडी जमून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि ती जोडी सहजी फुटत नाही. जो संख्येने जास्त, तो शिल्लक राहतो. ऑक्सिजन उरला तर दगड. कार्बन उरला तर काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड. आमच्या घरी कंदील होता. वात जास्त वर केली की काच काळी व्हायची, आणि ती पुसायचं काम माझ्याकडे असे. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस हा तारा आपल्याच काजळीत इतका बुडालाय की साध्या प्रकाशात जेमतेम दिसतो. अवरक्त प्रकाशात मात्र तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक.

पुढचं ऐका. या काजळीवर ताऱ्याचा प्रकाश आदळतो, कण बाहेर रेटले जातात आणि जाताना वायूलाही ओढून नेतात. म्हणजे तारा धूळ करतो आणि तीच धूळ त्याला झिजवते. हे मला कवितेत सुचलं नसतं. ऑक्सिजनवाल्या ताऱ्यांचा हिशोब मात्र अजून पुरता जुळलेला नाही; त्यांची धूळ बरीचशी पारदर्शक, प्रकाश तिच्यातून निघून जातो.

ही धूळ माणसाच्या हाती लागली आहे. २८ सप्टेंबर १९६९ रोजी, रविवारी सकाळी, ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ अशनी पडला. त्याचा चुरा करून तो तीव्र आम्लांत विरघळवला, की तळाशी सिलिकॉन कार्बाइडचे कण उरतात. आपल्याकडे धार लावण्याच्या चाकात असतो तोच पदार्थ. पण या कणांतल्या समस्थानिकांचं प्रमाण आपल्या सूर्यमालेत कुठेच बसत नाही. ते दुसऱ्या ताऱ्यांभोवती घडलेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यातल्या काहींचं वय ७ अब्ज वर्षांपर्यंत निघालं. सूर्याचं वय ४.६ अब्ज.

आमच्यात दफनाच्या वेळी प्रत्येकजण तीन मुठी माती देतो. अब्बांना माती दिली तेव्हा तो मित्र शेजारी होता. परतताना नखांत अडकलेली माती दाखवून मी विचारलं, ‘‘यात त्यातला एखादा कण असेल?’’ तो जरा थांबला. म्हणाला, ‘‘अणू तिकडचे. कण नाही. पृथ्वी घडताना ते वितळून गेले.’’ मला ‘हो’ ऐकायचं होतं, हे त्याला कळलं असणार. तरी तो खोटं बोलला नाही.

कवितेतली राख मी अजून बदललेली नाही. त्या ओळीत ‘काजळी’ बसत नाही.