सायकली किती, हे मोजण्याआधी

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजची विषयपत्रिका वाचून दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, मारहाण, पोटगी, रेशन असे एवढे विषय पडले असताना हा सायकलचा रस्ता मध्येच कुठून काढलास?" प्रश्न रास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता.

रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा मार्ग असावा की नसावा, यावरची चर्चा आपण पेपरात अधूनमधून वाचतो. ती करतात कोण? नगरसेवक, अभियंते, दुकानदार, आणि रविवारी पहाटे हेल्मेट घालून घाट चढायला जाणारे हौशी सायकलस्वार. त्यांच्या बोलण्यात ना आठवीतली मुलगी येते, ना कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त कामाला जाणारी बाई. म्हणून हा विषय आज आपल्यात आणला.

आधी माझं सांगते. साताऱ्याजवळच्या एका खेड्यात मी वाढले. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची चार किलोमीटरवर. माझी थोरली चुलत बहीण माझ्यापेक्षा हुशार. पण तिच्या वेळी घरात सायकल नव्हती आणि एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळायची नाही. ती सातवीनंतर घरी बसली. माझ्या वेळेपर्यंत वडिलांची जुनी सायकल मोकळी झाली होती. उंच दांड्याची ती सायकल मी दांड्याखालून पाय घालून शिकले. गुडघे फुटले, आईची बोलणी खाल्ली, पण शाळा सुटली नाही. पुढे कॉलेज, मग एम.एस.डब्ल्यू. माझ्या पदवीचं श्रेय लोक माझ्या जिद्दीला देतात तेव्हा मला बहिणीचा चेहरा आठवतो. जिद्द तिच्यातही होती. फरक एका सायकलीचा होता, आणि तेव्हा रस्त्यावर गाड्या कमी होत्या याचाही होता.

आता दुसरी गोष्ट. मी ज्या गावांत काम करते त्यांतल्या एका गावची. गावाचं आणि मुलीचं नाव सांगत नाही. तिथूनही हायस्कूल चार किलोमीटरच आहे. रस्ता रुंद झाला, डांबराचे थरावर थर चढले, पण साइडपट्टी कोणी भरली नाही. त्यामुळे डांबराची कड आणि मुरूम यांत चांगली वीतभर खाच पडली. ऊसतोडणीच्या हंगामात या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात, गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की मागचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. नववीतली एक मुलगी अशा ट्रॅक्टरला वाट द्यायला कडेला सरली, चाक खाचेत गेलं आणि ती पडली. पाय मोडला. जीव वाचला, एवढंच नशीब.

त्या आठवड्यात गावातल्या अकरा मुलींच्या सायकली गोठ्यात गेल्या. कोणाच्याही बापानं "शाळा सोड" म्हटलं नाही. सगळे म्हणाले, "सायकल नको." पण सायकल नको म्हटल्यावर काही जणी वडापच्या जीपनं जाऊ लागल्या, काही जणी अधूनमधून जाऊ लागल्या. वर्ष संपेपर्यंत तिघींची शाळा सुटली. त्यांतल्या एकीचं अठराच्या आत लग्न लागलं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. बालविवाहाच्या आमच्या अहवालात मी कारण लिहिलं, 'आर्थिक परिस्थिती व अज्ञान'. साइडपट्टी लिहिली नाही. तशी लिहायची आम्हाला सवयच नाही.

सावित्रीबाईंचा जन्म आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा, १८३१ चा. शाळेत शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकला गेला, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. तो टाकला गेला रस्त्यात. शाळेचं दार उघडलं होतं, तिथवरचा रस्ता बाईला मोकळा नव्हता. आज शेण कोणी टाकत नाही. पण मुलीनं एकटीनं, स्वतःच्या बळावर, धास्ती न बाळगता शाळेत पोचावं असा रस्ता अजून आपण तिला दिलेला नाही.

सायकल आणि आपला भाग यांचं नातंही जुनं आहे. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं झाली. पुढे १९१० मध्ये त्यांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथूनच १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं. सांगली-मिरज तर सपाट मुलूख. कामगार, विद्यार्थी, दूधवाले सगळे सायकलीवर. साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढ आहे हे खरं, पण मुलं तो चढ सायकल हातात धरून चढायची आणि उतारावर मोकळी सुटायची. मग लुना आली, स्कूटी आली, घरोघरी मोटरसायकल झाली. मोटरसायकल घरातल्या पुरुषाची असते. बाई मागे बसते, ती पण त्याला वेळ असेल तेव्हा.

सायकल मार्गाला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे आपण नीट ऐकले पाहिजेत, कारण त्यांतले काही खरे आहेत. पुण्याचं उदाहरण घ्या. २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट ते कात्रज, म्हणजे आपण पुण्याहून घरी येतो त्याच सातारा रस्त्यावर, बी.आर.टी. सुरू झाली आणि कडेला सायकल मार्गही आले. पण कुठे मार्गाच्या मधोमध खांब, कुठे झाड, कुठे गाड्या उभ्या, कुठे मार्ग अचानक संपलेला. माणूस पुन्हा मुख्य रस्त्यावर. मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात २०११ मध्ये केलेल्या मार्गाचीही तीच गत झाली, त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पुणे महापालिकेनं २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. तेव्हाही लोकांनी विचारलं, आधीचे मार्ग धड नाहीत, नवे कशाला? पैसा वाया जातो, हा राग रास्त आहे. पण शाळेची भिंत कंत्राटदारानं कच्ची बांधली म्हणून आपण शाळा नको म्हणत नाही, कंत्राटदाराला धरतो.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "सायकली आहेतच किती? चार सायकलींसाठी एवढा रस्ता का अडवायचा?" हा युक्तिवाद आपण याआधी ऐकलेला आहे. बाजारपेठेत बायकांसाठी मुतारी मागायला गेलो की अधिकारी म्हणतात, बायका वापरतच नाहीत. कडी नाही, पाणी नाही, दिवा नाही, तर वापरतील कशा? बायका दिवसभर पाणी न पिता राहतात आणि त्यांचं ते सोसणं 'मागणी नाही' म्हणून नोंदवलं जातं. सायकलचं तेच आहे. गोठ्यात ठेवलेल्या अकरा सायकली कुठल्याच मोजणीत येणार नाहीत.

मोजणीचे नियमही पाहा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ मध्येच सायकल मार्गांचे निकष काढले होते. गर्दीच्या तासाला १०० ते २०० मोटारवाहनं आणि ४०० सायकली असतील तर वेगळा मार्ग करावा, आणि वाहनं २०० च्या वर गेली तर १०० सायकली असल्या तरी पुरे. म्हणजे मोटारी वाढतील तशी सायकलस्वाराच्या रक्षणाची गरज वाढते, हे त्या कागदाला कळलं होतं. पण मार्ग वेळेवर झाला नाही, की सायकली घाबरून रस्त्यावरून उतरतात आणि मग शंभरसुद्धा भरत नाहीत. उशीर करणाऱ्यालाच पुन्हा आकड्यांचा आधार मिळतो.

जनगणनेत माणूस कामावर कशानं जातो हा प्रश्न २०११ मध्ये विचारला गेला. तोही फक्त शेती, शेतमजुरी आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना. शेतमजूर बाई त्यात नाही. शाळेत जाणारी मुलगी नाही. दळण, रेशन, अंगणवाडी, दवाखाना अशा चार खेपा करणारी गृहिणीही नाही. आपल्यातल्या बहुतेकींची ये-जा तिथे मोजलीच गेली नाही.

याउलट जिथे सायकल बाईच्या हातात दिली गेली तिथे काय झालं? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून बायकांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या हजारो बायका शिकल्या. काहींनी मुद्दाम दांड्याची पुरुषी सायकल घेतली, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सरकारनं सायकली दिल्या. अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत नाव घालण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी कमी झालेली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल द्यायची आणि ती चालवायला सुरक्षित रस्ता द्यायचा नाही, हे अर्धं काम झालं.

आता माझी एक चूक सांगते. हे सगळं वाचून मी उत्साहानं एका वस्तीच्या बैठकीत सायकल मार्गाची मागणी मांडली. मागे बसलेल्या भाजीवाल्या मावशी उठल्या. म्हणाल्या, "बाई, तुमचा पट्टा कुठनं जाणार? रस्त्याच्या कडेनं ना? मग आम्ही कुठं बसायचं? आधी मोटारीनं उठवलं, आता सायकल उठवणार." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कागद मिटला आणि बैठक तशीच संपली.

पुढचे दोन महिने मी मावशींकडेच जाऊन बसत होते. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. संध्याकाळी सातनंतर क्लास सुटलेल्या मुली त्याच रस्त्यानं येतात, कारण तिथे पथारीवाल्या बसलेल्या असतात, दिवा असतो, ओळखीचं माणूस असतं. कोणी पोरगा मागे लागला तर मुलगी मावशींपाशी सायकल थांबवते आणि कोथिंबिरीचा भाव विचारते. मावशी समजायचं ते समजतात. म्हणजे आपण जो निर्मनुष्य, कुंपण घातलेला, गुळगुळीत मार्ग कल्पनेत बघतो, तो अंधार पडल्यावर मुलीच्या उपयोगाचा नाही. भाजीवाली उठली तर मुलीचा रस्ताही धोक्याचा होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जागेचं भांडण भाजीवाली आणि सायकलवाली यांच्यात लावून दिलं जातं. रस्त्यावरची सगळ्यात जास्त जागा खाते ती उभी मोटार, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर गाड्यांसाठी जमिनीखालून रस्ते काढले, २०२१ मध्ये ते सुरू झाले. तेव्हा "मोटारी आहेतच किती" असं कोणी विचारलं नाही. मोटारीसाठी जमीन पोखरता येते, तर सायकलीसाठी दोन मीटरची पट्टी आणि तिच्या कडेला पथारीची जागा आखता येणार नाही, हे पटत नाही.

आपल्या बाजूला कायदाही आहे. सायकलींसाठी राखलेल्या मार्गावर मोटारवाहन चालवायला १९८९ च्या नियमांतच मनाई होती. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं चालण्यायोग्य फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. आणि २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या जागांवरच्या बायकांना आपण हळदीकुंकवाला बोलावतो. रस्त्याच्या पाहणीलाही बोलावू या.

मोठ्या मागणीआधी तीन कामं आपल्या हातातली आहेत. एक, प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या एका हायस्कूलचा रस्ता निवडावा आणि मुलींबरोबर तो चालून पाहावा. खाच कुठे, दिवा कुठे नाही, टवाळ टोळकं कुठे, हे वहीत लिहावं. सायकली मोजाव्यात, पण बंद करून ठेवलेल्या सायकलीही मोजाव्यात आणि केव्हा, का ठेवल्या ते विचारावं. दोन, गळीत हंगामाआधी साइडपट्ट्या भरण्यासाठी आणि शाळेच्या वेळेत ऊसवाहतूक थांबवण्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्यावा. तीन, शहरातल्या गटांनी सायकल मार्गाचं निवेदन पथारीवाल्या बायकांच्या सहीशिवाय देऊ नये. सही मिळत नसेल तर मागणी अजून कच्ची आहे असं समजावं.

त्या अकरापैकी चार मुलींनी यंदा सायकली पुन्हा बाहेर काढल्या. रस्ता सुधारलेला नाही. पालकांच्या बैठकीत ठरलं की चौघींनी बरोबरच जायचं आणि आठवड्यातून दोन दिवस आमच्या गटातल्या बायकांनी सोबत जायचं. त्यांतल्या दोघी बायका अजून सायकल शिकताहेत, वय चाळीसच्या पुढे. पहिल्या दिवशी गावातले लोक हसले. हे कायमचं उत्तर नव्हे, ते आम्हालाही कळतं. बायकांनी पहारा दिला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. पण पुढच्या महिन्यात आम्ही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जाऊ तेव्हा निवेदन घेऊन त्या चौघी पुढे असतील, आणि आमच्या वहीत अकरा सायकलींची नोंद असेल.

तुमच्या वहीत किती येतात ते पुढच्या बैठकीत सांगा.