बाणकोटच्या दांड्यावर

(वसंत व्याख्यानमालेत सातारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



साताऱ्यात येऊन समुद्रावर बोलायचे म्हणजे विषय जरा परका वाटेल. सांगलीहून आलेल्या मंडळींना तर समुद्र आणखी दूर. पण तुमच्या जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो, हे आधी लक्षात घ्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांची उगमस्थाने आपण मानतो. कृष्णा पूर्वेला निघते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात हंसलादेवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरते आणि पोलादपूर, महाड करत शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला अरबी समुद्र गाठते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण तिच्या धरणातले वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादाने मान्यता दिली. ते पोफळीच्या बाजूला उतरते, वीज करते, वाशिष्ठीत पडते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते. म्हणजे कोकणातल्या दोन खाड्यांत सातारचे पाणी आहे, आणि त्या पाण्यावर लहान होड्या घेऊन मासेमारी करणारी माणसे आहेत.

यांतल्या बाणकोटशी तर या मुलखाचे जुने नाते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्या नानांचे मूळ गाव वेळास, बाणकोटच्या शेजारचे. पुढे महाबळेश्वर वसले तेव्हा मुंबईहून येणारे साहेब समुद्राने बाणकोटला यायचे, तिथून होडीने सावित्रीतून महाडच्या बाजूला, आणि मग घाट चढून वर. या वाटेवर सगळ्यात अवघड काय होते? घाट म्हणाल. पण घाटात दम लागतो, एवढेच. जीव जायचा तो बाणकोटच्या तोंडाशी, वाळूच्या दांड्यावर.

महाबळेश्वरचा आर्थर सीट पॉइंट तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. बाटलीची बुचे दरीत टाकली की वाऱ्याने परत वर येतात, तीच ती जागा. हा आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट, मुंबई सरकारचा अधिकारी. तिथे पहिले घर त्याने बांधले म्हणून त्याचे नाव पडले, असे सांगतात. लोकांच्या तोंडी आहे ते वेगळे: तो तिथे बसून खालच्या सावित्रीकडे बघत राहायचा. बसायचा की नाही, देव जाणे. पण 1853 साली त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटचा दांडा ओलांडताना होडी बुडून गेल्या, ही घडलेली गोष्ट आहे. त्यांच्याबरोबर होडीचे खलाशीही बुडाले. साहेबाच्या नावाने कडा ओळखला जातो. खलाशांच्या नावाने एखादा खडकसुद्धा नाही.

ते खलाशी काही नवशिके नसणार. मग किनारा डोळ्यांसमोर असताना माणसे बुडतात कशी?

नदी गाळ आणि वाळू घेऊन येते. खाडीच्या अरुंद तोंडातून ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडते आणि मोकळ्या समुद्रात पसरले की त्याचा वेग मरतो. वेग मेला की वाळू खाली बसते. त्यात किनाऱ्याकिनाऱ्याने लाटा ढकलत आणतात त्या वाळूची भर. अशी तोंडासमोर वाळूची आडवी रास तयार होते, तोच दांडा. त्याच्यातून पाण्याला एखादी खोल वाट असते, पण ती जागेवर राहत नाही. पावसाळ्यातला पूर एक वाट फोडतो, पुढचे सहा-आठ महिने लाटा ती बुजवत राहतात. म्हणून 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी संपली आणि नारळी पौर्णिमा झाली की जाणता तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबत नाही. भरतीला हळू जाऊन बांबूने तळ चाचपतो, आणि नवी वाट सापडली की किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवतो: देवळाचा कळस आणि मागचे झाड, किंवा बुरूज आणि डोंगराची खिंड. कळस झाडाच्या उजवीकडे सरकला की आपण वाटेबाहेर गेलो, हे त्याला नकाशाशिवाय कळते.

आता लाटेकडे या. खोल पाण्यातली लाट होडीला फक्त वर उचलते आणि खाली ठेवते. उथळात मात्र लाटेचा तळ वाळूला घासतो, खालचा भाग मागे पडतो आणि वरचा धावणाऱ्याचा पाय अडकावा तसा पुढे कोसळतो. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट कमरेच्या वरच्या पाण्यात फुटणार. दोन मीटरच्या लाटेला अडीच-तीन मीटर पाणीही पुरत नाही. शिवाय या लाटा दर वेळी इथल्या वाऱ्याच्याच असतात असे नाही. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळाची लांब लाट इथे वारा नसलेल्या दिवशीही येते. भर समुद्रात ती जाणवतही नाही, दांड्यावर उभी राहते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. तो आता मोबाइलवर मिळतो, आणि बघितला पाहिजे.

याच्या जोडीला ओहोटी. लाट आत येते, पाणी बाहेर जाते. दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड होतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्यात दांड्यावरचे पाणी उतरलेले. म्हणून पहिला नियम असा की भरतीचा शेवटचा तास किंवा पाणी थबकते ती वेळ साधायची, ओहोटीचा जोर असताना दांड्याला हात लावायचा नाही. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे यावे तशी भरती थोडी आधी लागते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, ती कागदावर मांडून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे ओहोटी सगळ्यात जोराची. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आतबाहेर लागते, म्हणून ओहोटीचा खरा जोर तीनच्या सुमारास. आणि समुद्रावरून येणारा खारा वाराही दुपारनंतरच चढतो. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारचे तीन-चार वाजणे ही दांड्याची सगळ्यात वाईट वेळ. पहाटे गेलेली होडी मासळी घेऊन परत फिरण्याची वेळ तरी दुसरी कोणती?

बाहेर जाताना समोरून येणारी लाट दिसते. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, लाटेला सरळ ठेवायची, माथ्यावर पोचताना इंजिन कमी करायचे, नाहीतर होडी हवेत उडून पलीकडे आपटते. आत येणे त्याहून कठीण, कारण लाटा पाठीमागून येतात. दुसरे म्हणजे समुद्रातून बघताना लाटांच्या फक्त पाठी दिसतात. फुटणारे तोंड आणि फेस पलीकडच्या बाजूला. किनाऱ्यावरून जो दांडा उकळताना दिसतो, तोच बाहेरून निवांत वाटतो.

बाणकोटला एका तांडेलाबरोबर मी आत आलो आहे. दांड्याच्या बाहेर त्याने इंजिन नुसते चालू ठेवले आणि पाठ किनाऱ्याकडे करून समुद्राकडे बघत बसला. मला वाटले, चला, आता पाणी सपाट झाले. तो म्हणाला, "थांबा, मोठ्या अजून यायच्यात." तेवढ्यात त्याने पोराकडून जाळे खाली दाबून बांधून घेतले, तळातले पाणी उपसून टाकायला लावले, वल्ही हाताशी ठेवली आणि सगळ्यांना जॅकेट चढवून खाली बसवले. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग थोडी उसंत मिळते. घोळक्यातली शेवटची लाट होडीखालून गेली तशी त्याने तिच्या पाठीवर होडी घातली. लाटेच्या पुढे जायचे नाही आणि मागच्या लाटेला सापडायचे नाही, याच वेगाने तो आला. पुढे गेला असता तर माथ्यावरून घसरून नाळ पाण्यात घुसली असती, मागचा भाग फिरून होडी आडवी झाली असती आणि पुढच्या लाटेने पालथी घातली असती. मध्येच वळण्याचा विचारही करायचा नाही; एकदा शिरलात की सरळ आत. सगळे काम दोन-तीन मिनिटांचे. त्याआधी थांबलो ते मात्र चांगले पाऊण तास.

मला आज सांगायचे आहे ते या पाऊण तासाबद्दल. दांडा ओलांडण्याचे कसब थोर आहे, पण त्यातले निम्म्याहून अधिक कसब थांबण्यात आहे. आणि थांबायला पैसे लागतात. बर्फ वितळतो. लिलाव उरकतो, उशिरा आलेल्या मासळीला भाव मिळत नाही. डिझेल संपत येते. पुढची भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी. तोवर बाहेर नांगर टाकून राहायचे तर पाणी, जेवण, दिवा हवा. ज्याच्या डोक्यावर इंजिनाचे कर्ज आहे, तो एखाद्या दिवशी म्हणतो, "बघू, जाऊ." मग होडी बुडाली की आपण म्हणतो, तांडेलाने घाई केली. त्याला घाई करायला लावणारे हिशेब किनाऱ्यावर झालेले असतात, ते कोणी तपासत नाही.

तुम्ही म्हणाल, हे कोकणाचे झाले. आपल्याकडे कुठला दांडा? सांगलीकडच्या कित्येक घरांत गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेले आजोबा असतील. काहिलीला ना नाळ, ना सुकाणू. पण किती माणसे घ्यायची आणि पाणी कधी ओलांडायचे नाही, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, कृष्णा-येरळेच्या संगमाच्या गावी, पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण गेले. होडीत झेपतील त्याहून जास्त माणसे चढली होती. त्यांना मी दोष देणार नाही. दुसरी होडी येईल याची खात्री नसली, तर पहिल्या होडीत कोण चढणार नाही? तिथेही थांबणे परवडत नव्हते.

म्हणून सुरक्षिततेचे काम होडीत बसण्याच्या बरेच आधी सुरू होते. बंदराला बर्फ आणि शीतगृह असेल, उशिरा येणाऱ्या मासळीचाही लिलाव होत असेल, दर पावसाळ्यानंतर वाट मोजून तिच्या खुणा लावल्या जात असतील, तर तांडेल थांबेल. पूरपट्ट्यातल्या गावात पुरेशा होड्या, माणसागणिक जॅकेट आणि होडीवर ठळक लिहिलेली माणसांची संख्या असेल, आणि पाणी दाराशी येण्याआधी पहिली फेरी निघाली असेल, तर लोकही थांबतील. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे, तो प्रत्येक होडीवर रंगवलेला असावा. यातले काहीही फार खर्चाचे नाही. बुडालेल्यांच्या वारसांना जी मदत जाहीर होते, तिच्याशी हा खर्च एकदा ताडून बघा.

तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत असेल, कोणी सोसायटीत, कोणी बँकेत. कोकणात कर्ज देणाऱ्या संस्थांचे सभासदही इथे असतील. होडीसाठी कर्जाचा अर्ज पुढे आला की इंजिन किती अश्वशक्तीचे, हे आपण विचारतो. त्याच्या खाली आणखी एक प्रश्न घाला: हा माणूस एक भरती बाहेर थांबला, तर त्याचे किती नुकसान होईल आणि ते कोण सोसेल? त्या रकान्यात उत्तर भरता आले, तर कर्जही वसूल होईल आणि माणूसही घरी येईल.