कोयता सुटावा कसा?



दसऱ्याचं सोनं लुटून झालं, की बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्या ओस पडू लागतात. पाटोदा घ्या, आष्टी घ्या, धारूर घ्या. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी आणि तिच्यापाशी एखादं नातवंड. बाकीचं घर 'कारखान्याला' गेलेलं असतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. परततात ती उन्हाळा लागल्यावर.

'या लोकांना भटकायची सवयच लागली आहे,' असे शहाणी माणसे म्हणतात. मला हे बोलणे पटत नाही. सवय कसली? ऐन पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लग्नकार्य तोंडावर असतं. तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि उचल त्या कोयत्यावर. फेडायची ती ऊस तोडून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. दोघांनी दिवसभरात दोन टन तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडी भरून दिली, तर हाती सव्वासातशे. माणशी साडेतीनशेच्या आसपास! त्यात ताप आला, फडात चिखल झाला, की खाडा. खाड्याचे पैसे उलट कापतात. हंगाम सरतो, उचल मात्र फिटत नाही. उरलेली बाकी पुढल्या सालच्या उचलीत जाते, आणि तीच माणसे पुन्हा त्याच वाटेला लागतात.

यातून सुटावं असं कुणाला वाटत नाही? पहाटे अंधारात कोपीतून उठून, तान्हं पोर बांधावर निजवून फडात उतरणाऱ्या बाईला विचारा. आपलं झालं ते झालं, पोरांच्या हाती कोयता नको, हेच ती म्हणेल. पण धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर न्यावी लागते. तिची शाळा तुटते. पुढे चार वर्षांत, जोडी झाली म्हणजे आणखी एक कोयता होतो, या हिशेबाने तिचं लग्न उरकतात. कर्जापेक्षा वाईट वारसा आहे हा.

तेव्हा गुरुजी, बाई, तुमच्याशी दोन शब्द. मूल आजीजवळ गावात राहावं आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी, म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. पण ती सोय आई-बापांना वेळेवर कळली पाहिजे. दिवाळीनंतर हजेरीपटावर गैरहजेरी मांडत बसून काय उपयोग? कारखान्याकडल्या शिक्षकांनीही ध्यानात ठेवावं, की दाखला आला नाही म्हणून फडावरच्या मुलाला परत धाडता येत नाही. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाच तसा आहे.

आणि आजीबाई, तुम्हीही. 'मला म्हातारीला पोर कसं सांभाळेल?' असं एकदम म्हणू नका. दोन वेळचं जेवण शाळेकडून मिळालं, तर रात्री नात कुशीत निजवणं तुम्हाला जड नाही.

मुकादम उचलीचे पैसे घेऊन पावसाळ्यात वस्तीवर येतो. गुरुजी, त्याच्या आधी चार दिवस तुम्ही जा.