चार्ज देणे-घेणे

माझी पुतणी स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनजवळच्या कॅम्पहिलमध्ये असते. नाझींमुळे व्हिएन्ना सोडावं लागलेल्या डॉ. कार्ल क्योनिग यांनी सहकाऱ्यांसह १९४० साली तिथे विशेष मुलांसाठी घर उभं केलं. देशोदेशीचे तरुण तिथे सेवेला येतात. पगार नाही, राहणं-जेवण आणि हातखर्च. मुलांच्याच घरात, त्यांच्याच पंगतीला.

या पाहुण्यांची व्यवस्था पुतणीकडे. ती म्हणते, "काका, त्यांचं येणं सोपं, जाणं अवघड." वर्षभर एकाच्याच हातून बूट घालून घेणारा मुलगा दुसऱ्यापुढे पाय करत नाही, जेवण टाकतो. म्हणून जुना निघण्याआधी पंधरा दिवस ती नव्याला त्याच्याशेजारी बसवते. आम्ही बँकेत चार्ज देताना किल्ल्या नि कॅश मोजायचो, संपलं! सध्या एक कोरियन मुलगी तिथे नाड्या बांधायला शिकते आहे.