सुमरासरचे संग्रहालय
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांसमोर येते. कच्छमध्ये भुजच्या उत्तरेला सुमरासर शेख नावाचे गाव आहे. तेथे १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कला रक्षा’ या संस्थेने जुन्या भरतकामाचे एक संग्रहालय उभे केले. त्याचे वेगळेपण असे की, प्रवाशांच्या आधी ते भरतकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. आपल्या आजीने कोणता टाका कसा घातला, हे नातीला तेथे जाऊन न्याहाळता येते.

असे संग्रहालय लागावे, याला कारण घडले होते. पेट्यांतले घागरे, कांचळ्या, तोरणे, चाकळे दुष्काळाच्या वर्षांत व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांत गेले. तेथून ते शहरांत आणि परदेशांत पोहोचले. घरात धान्य आले, हे खरे. पण लेकीने ज्याकडे पाहून शिकावे, ते कापडच घरातून नाहीसे झाले. अमेरिकन वस्त्र-अभ्यासक जूडी फ्रेटर यांनी हे जाणले आणि स्थानिक सहकाऱ्यांबरोबर हे काम हाती घेतले.

गावातील ‘सूफ’ भरतकाम पाहावे. १९७१ च्या युद्धाच्या काळात सिंधमधील थरपारकरहून आलेल्या सोढा आणि मेघवाळ कुटुंबांनी ही कला आपल्याबरोबर आणली. कापडावर रेघ नाही, छाप नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजत, कापडाच्या उलट्या बाजूने टाके घालायचे आणि सुलट बाजूला त्रिकोणांची नक्षी उमटायची. एक धागा चुकला की सारी ओळ तिरकी. गणिताची यत्ता न चढलेल्या बाईच्या मनात ही मोजणी पक्की असते. आपण शिक्षक मंडळी हिला शिक्षण म्हणायला उगाचच कचरतो.

मात्र या सुबक कापडाला दुसरी बाजूही आहे. ढेबरिया रबारी समाजात मुलीने सासरी नेण्याचे भरतकाम स्वतः पूर्ण करावे, अशी रीत होती. मागणी वाढत गेली, काम संपेना, आणि मुली वर्षानुवर्षे माहेरीच अडकून राहू लागल्या. अखेर १९९५ साली समाजाच्या वडीलधाऱ्यांनी असे भरतकाम वापरण्यावर बंदी घातली. कलाप्रेमी हळहळले. पण आरशांनी लखलखणारा तो कोथळा भरता भरता जिची उमेदीची वर्षे सरली, तिला कोणी विचारले होते? आपल्याकडच्या रुखवताची आठवण येथे होणे साहजिक आहे. पूर्वी नवरीच्या हातचा नमुना म्हणून मांडलेले रुखवत आता दुकानातून तयार आणले जाते. त्याची खंत करताना ते करणारीच्या जागरणांचाही हिशेब ठेवावा.

म्हणूनच सुमरासरच्या संग्रहालयाचे मोल अधिक. तेथील कापडाला केवळ सुंदर म्हणून हातावेगळे करता येत नाही, कारण ते ज्यांचे, त्यांच्या घरांची दारे जवळच आहेत. पुढे २००५ मध्ये याच संस्थेने कारागिरांसाठी ‘कला रक्षा विद्यालय’ ही रचनाशिक्षणाची शाळा काढली. परंपरेत उमटलेल्या हातांनी रंग, मांडणी, बाजार यांचा विचार स्वतः करावा, हा तिचा हेतू.

बंदीनंतर रबारी स्त्रियांनी सुई खाली ठेवली नाही. बाजारात मिळणाऱ्या फिती आणि झालरी शिवणयंत्रावर जोडून त्यांनी नवीच नक्षी काढली. तिला ‘हरी-जरी’ असे नाव मिळाले. हाताच्या टाक्यापुढे ती किती टिकेल, यावर जाणकारांत मतभेद होतील. रबारी स्त्रिया मात्र तिच्या पिशव्या शिवून विकतात, आणि कोणती फीत कोणत्या फितीशेजारी शोभेल, हे त्यांचे त्याच ठरवतात.