मालकीण सांगते, मोलकरीण लिहिते

आत्ता तुम्ही 'छाया' या १९६१ सालच्या सिनेमातलं तलत मेहमूद आणि लताबाईंचं गाणं ऐकलंत. चाल सलील चौधरींची. पण त्या चालीचं तोंड त्यांनी घेतलं होतं मोझार्टकडून, १७८८ साली लिहिलेल्या त्याच्या चाळिसाव्या सिंफनीतून. सिंफनी म्हणजे पुष्कळ वाद्यांनी मिळून वाजवायची मोठी रचना. तर हा मोझार्ट आपल्या कानाला अगदीच परका नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

मोझार्ट साल्झबुर्गचा, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियातला. जन्म १७५६. तेव्हा गवई-वाजंत्री म्हणजे राजेरजवाड्यांचे, धर्मगुरूंचे नोकर. त्याच्याहून वयाने मोठा असलेला हायडन हा नावाजलेला संगीतकार. १७६१ साली तो एस्टरहाझी नावाच्या सरदाराकडे नोकरीला लागला, तो करारनामा आजही वाचायला मिळतो. पांढरे मोजे घालायचे, केसांना पावडर लावायची, रोज बाहेरच्या दालनात उभं राहून आज काय वाजवायचं ते विचारायचं. आणि जे रचाल ते मालकाचं, दुसऱ्या कुणाला त्याची नक्कल द्यायची नाही. शिवलेली गोधडी आपली, पण विकायचा हक्क दुसऱ्याचा, तसंच हे. १७७९ साली नवा करार झाला तेव्हा कुठे ते कलम निघालं.

पण त्याच काळात युरोपात एक वेगळं वारं वाहत होतं. त्याला ज्ञानोदयाचा काळ म्हणतात. कुणी सांगितलं म्हणून खरं मानायचं नाही, बुद्धीला पटेल ते मानायचं. माणूस जन्माने थोर किंवा हलका नसतो, असं लोक लिहायला आणि बोलायला लागले. मोझार्टचा मालक, साल्झबुर्गचा आर्चबिशप, हाही त्याच विचारांचा. त्याने शाळा सुधारल्या, चर्चमधला थाटमाट कमी केला. पण १७८१ साली व्हिएन्नाला गेल्यावर मोझार्टचं पान कुठे मांडलं? आर्चबिशपच्या खासगी नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. विचार पुढारलेले, पंगत मात्र जुनीच! मोझार्टने नोकरी सोडली. शेवटी कारभाऱ्याने त्याला लाथ मारून बाहेर घालवलं, असं त्याने स्वतः वडिलांना पत्रात कळवलं आहे.

पाच वर्षांनी, १ मे १७८६ ला, त्याचं 'फिगारोचं लग्न' हे संगीत नाटक व्हिएन्नात रंगमंचावर आलं. मूळ नाटक बोमार्शे या फ्रेंच लेखकाचं. मालक नुसता जन्मला म्हणून मालक, असं त्यात एक नोकर उघड म्हणतो. फ्रान्सच्या राजाने ते कित्येक वर्षं अडवून ठेवलं होतं. व्हिएन्नाच्या सम्राटाने ते छापायला परवानगी दिली, पण करायला बंदी केली. मग दा पोन्ते या कवीने त्यातली बोचरी भाषणं कापली आणि मोझार्टने संगीत दिलं.

गोष्ट ऐका. सुझाना ही एका सरदाराच्या बायकोची मोलकरीण. तिचं लग्न फिगारो नावाच्या नोकराशी ठरलंय. गावात जुनी रीत अशी, की चाकराच्या नवरीवर पहिला हक्क मालकाचा. या सरदाराने ती रीत मोठा गाजावाजा करून बंद केली, आणि आता सुझानावर डोळा ठेवून तीच रीत गुपचूप चालू करू पाहतोय. सुझाना काय करते? पळून जात नाही, रडत बसत नाही. सरळ मालकिणीकडे जाते. आणि मालकीण तिच्यावर विश्वास ठेवते. मला विचाराल तर नाटकाचा सगळा जीव इथेच आहे. घरधन्याबद्दल मोलकरीण असं काही सांगायला आली, तर घरातली बाई आधी कुणावर चिडते हे आपल्याला माहीत आहे.

दोघी मिळून सरदाराला बागेत बोलावणारी चिठ्ठी लिहितात. मालकीण शब्द सांगते, मोलकरीण लिहून घेते आणि तेच शब्द परत म्हणून दाखवते. मग दोघी कपडे बदलतात. रात्रीच्या अंधारात सरदार सुझाना समजून स्वतःच्याच बायकोशी गोडीगुलाबीने बोलत राहतो. पुढे, मालकिणीच्या वेषातल्या सुझानाला फिगारोबरोबर बघून तो आरडाओरडा करतो. सगळे गुडघे टेकून माफी मागतात, तो कुणालाच माफ करत नाही. एवढ्यात खरी बायको समोर येते. मग सगळ्या चाकरमाणसांसमोर त्यालाच गुडघे टेकावे लागतात. ती माफ करते. आपण केलं असतं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आता मोझार्टच्या घरातलंही सांगते. त्याची थोरली बहीण मारिया आना, घरी तिला नानर्ल म्हणत. लहानपणी दोघं भावंडं राजदरबारांत सोबत वाजवायची, तिचंही तितकंच कौतुक व्हायचं. ती उपवर झाली आणि तिचे दौरे थांबले. भाऊ वडिलांबरोबर इटलीला गेला, ही आईजवळ घरी राहिली. तिकडून भावाने पत्रात तिच्या एका रचनेची वाखाणणी केली आहे, पण ती रचना आज कुठेच सापडत नाही. त्याच काळात रूसोसारखे मोठमोठे विचारवंत मुलींना शिकवायचं ते नवऱ्याला सोयीचं व्हावं म्हणून, असं लिहीत होते. १७८४ साली तिचं लग्न एका विधुराशी झालं, पदरात त्याची पाच मुलं. १८०१ साली नवरा वारल्यावर ती साल्झबुर्गला परत आली आणि पियानोच्या शिकवण्या घ्यायला लागली. १८२९ पर्यंत जगली, भावापेक्षा कितीतरी वर्षं जास्त.

आता ते चिठ्ठीचं गाणं लावते. शब्द इटालियन आहेत, कळणार नाहीत. काही बिघडत नाही. एक बाई थांबली की दुसरी उचलते, आणि शेवटी दोघींचे आवाज एकत्र येतात. त्यातली मालकीण कोणती आणि मोलकरीण कोणती, ते नुसत्या सुरांवरून ओळखून बघा.