सोंग, छंद आणि समाजकार्य
(स्वारगेट येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. सिनेमावेड्या पोरांबद्दल या व्यासपीठावरून काय बोलायचे? परंतु विषय मी काढलेला नाही. रक्तदान शिबिराच्या बैठकीत तीन-चार मुलांनी मला विचारले, "सर, आम्ही स्पायडरमॅनचे कपडे घालून आलो तर चालेल का?" एकच हशा पिकला. मुले खाली मान घालून बसली. घरी गेल्यावर मला त्या हशाचे वाईट वाटले, कारण त्यात मीही सामील होतो.

वास्तविक मला हसण्याचा अधिकार नव्हता. आमच्या तरुणपणी इथल्याच लक्ष्मीनारायण थिएटरला पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहणारे आम्ही. पोस्टरला हार घालायचे, गाणे लागले की पडद्यावर चिल्लर उधळायची. वहीसाठी दिलेले पैसे मी तसे उधळले आहेत. खेळ संपल्यावर झाडूवाल्याला ते मिळत असतील तर तेवढेच पुण्य!

याच वेडाला दुसरीकडे कसे वळण मिळाले ते सांगतो. अमेरिकेत 'स्टार वॉर्स' नावाचा चित्रपट १९७७ साली आला. त्यातल्या खलनायकाचे सैनिक पांढऱ्या चिलखतात असतात. १९९७ साली साउथ कॅरोलिनातील अल्बिन जॉन्सन या चाहत्याने आपल्या एका मित्राबरोबर तसले चिलखत घालून हिंडणाऱ्यांची मंडळी जमवली. जॉन्सन यांचा एक पाय मोटार अपघातात गेलेला आहे. त्यांच्या '५०१ वी लीजन' या संघटनेत आज जगभरचे हजारो सभासद आहेत. आजारी मुलांना रुग्णालयात भेटणे, मदतनिधीच्या कार्यक्रमांना हजेरी लावणे हे त्यांचे काम. नियम कडक आहेत. वेष स्वतःच्या खर्चाने करायचा, तो पडद्यावरच्यासारखाच हुबेहूब हवा, आणि हजेरीसाठी स्वतः एक पैसा घ्यायचा नाही. बोलावणाऱ्याला द्यायचेच असेल तर त्याने धर्मादाय संस्थेला द्यावे. जॉन्सन यांची लहानगी मुलगी केटी २००५ साली मेंदूच्या कर्करोगाने गेली. तिच्या सोबतीसाठी चाहत्यांनी गुलाबी रंगाचा यंत्रमानव बनवला होता. ती गेल्यानंतरही तो यंत्रमानव आजारी मुलांना भेटत राहिला.

मला यातली सर्वात मोलाची वाटली ती एक बारीकशी गोष्ट. शिरस्त्राण घातले की माणसाला पायापाशी आलेले मूल दिसत नाही, उकाड्याने जीव कासावीस होतो. म्हणून वेषधाऱ्याबरोबर साध्या कपड्यातला एक मदतनीस असतो. तो वाट दाखवतो, पाणी देतो, गर्दी आवरतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले. पण ते नट होते. चाहत्यांचे म्हणाल तर तमिळनाडूत कमल हासन यांनी आपल्या चाहता मंडळांना सेवाकार्याकडे वळवले आणि रक्तदान-नेत्रदान करायला लावले. चिरंजीवी यांनी १९९८ साली हैदराबादेत रक्तपेढी व नेत्रपेढी काढली, तिलाही चाहत्यांचाच हातभार. मुंबईच्या सायन भागात २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एक कार्यकर्ता स्पायडरमॅन होऊन बसथांब्यांवर फवारणी करीत होता. तो आजार मुख्यत्वे हवेतून पसरतो हे आता ठाऊक झाले आहे, तेव्हा फवारणीचा उपयोग बेताचाच. तरी त्या वेषाकडे रस्त्यावरच्या लोकांचे लक्ष जाई, हे खरे.

मग माझी शंका काय? शंका व्यक्तिपूजेची. १८ जानेवारी १९४३ रोजी याच पुण्यात, गोखले मेमोरियल हॉलमध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी जे भाषण केले ते विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. थोर माणसाबद्दल मनःपूर्वक आदर बाळगणे वेगळे आणि त्याच्या आज्ञेत डोळे मिटून राहणे वेगळे, असा भेद त्यांनी तिथे केला. पहिल्यात त्यांना काही वावगे दिसले नाही, दुसरे मात्र त्यांनी घातक मानले. हा भेद पडद्यावरच्या नायकालाही लावून पाहा. कटआउटवर दूध ओतणारा आणि त्याच नायकाच्या नावाने बाटलीभर रक्त देणारा, दोघेही चाहतेच!

आता रक्ताचेच बोलू. इथे आपलीही चूक आहे, ती मी आधी कबूल करतो. नटाच्या वाढदिवसाला शिबिर, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर, आणि आपली शिबिरे १४ एप्रिलला. एकाच दिवशी रक्ताचा पूर येतो. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम पाच. म्हणजे १४ एप्रिलचे रक्त मे संपण्याआधीच वापरावे लागते. दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावी गेलेले. स्वारगेट स्टँडवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पण रक्तपेढीच्या दारात कोणी नसते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याला सुट्टी नाही.

म्हणून त्या मुलांना मी कळवले आहे: कपडे घाला, अवश्य घाला, पण १४ एप्रिलला नको. ज्यांनी एप्रिलमध्ये रक्त दिलेले नाही अशांची यादी आधी करा आणि मेच्या अखेरीस शिबिर ठेवा. वेष घालणाऱ्याने वर्गणीचा डबा हातात धरायचा नाही, तो साध्या कपड्यातल्याकडे राहील आणि पावती जागेवर फाडली जाईल. लहान मूल घाबरले तर मुखवटा लगेच काढायचा. उन्हात अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहायचे नाही.

स्पायडरमॅन व्हायला चार जण तयार आहेत. साध्या कपड्यात बरोबर राहायला अजून एकच नाव आले आहे. आणखी तिघे हवेत. बैठकीत हसलेल्यांपैकी पहिले नाव माझे लिहून घ्या, उरलेल्या दोघांनी जाण्यापूर्वी मला भेटावे. जयभीम.